गाडी सुरू झाली, तर किल्ली कोणाकडे?

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

वय ३८. मूळ गाव कोल्हापूर जिल्ह्यात, नोकरी पुण्यात, दिवसभर संगणकासमोर. वडील, म्हणजे आबा, पशुवैद्यकीय दवाखान्यात नोकरीला होते. १९७९ सालच्या येझदी मोटरसायकलवरून त्यांनी आयुष्यभर गावोगावच्या गोठ्यांत फेऱ्या मारल्या. तेरा वर्षांपूर्वी पावसात गाडी घसरली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. तेव्हापासून गाडी गोठ्याशेजारच्या खोपटात उभी आहे. येत्या मार्गशीर्षात आबांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होतात. त्या दिवशी अंगणात एका किकला गाडी सुरू करून त्यांना चकित करायचं, असं वाचकाच्या मनात आहे. हातात पाच महिने. आजवर एकही इंजिन उघडलेलं नाही, पण व्हिडिओ भरपूर पाहिलेत आणि पान्यांचा संच घेऊन ठेवलाय. पत्नी म्हणते, मिस्त्रींकडे देऊन मोकळे व्हा. मिस्त्री म्हणतात, "सायेब, कंप्यूटरच्या बोटांचं काम न्हवं हे." मित्र म्हणतो, सगळं उघड आणि सगळं नवीन टाक. आबा स्वतः एकदा म्हणाले होते, "भंगारवाल्याला देऊन टाका ती." वाचकाचा प्रश्न: स्वतः उघडू की मिस्त्रींना देऊ? आणि माझ्या हातून बिघडली, तर आबांना काय तोंड दाखवू?

---

नमस्कार.

तुमच्या पत्रात चार पानं इंजिनाची आहेत आणि एक ओळ किल्लीची. "अपघातानंतर किल्ली मीच काढून घेतली होती, ती अजून माझ्याकडेच आहे," असं लिहून तुम्ही लगेच पिस्टनच्या किमतीकडे वळलात. त्या ओळीकडे मी परत येणार आहे. पण विचारलंय इंजिनाचं, तर आधी इंजिन. आयटीआयमध्ये पंचवीस वर्षं मोटर मेकॅनिकच्या पोरांना शिकवलंय, त्यामुळे मलाही तेच आधी बोलायला आवडतं.

इंजिन उघडायचंच आहे, हे तुम्ही कशावरून ठरवलंत? पत्रभर "रिबिल्ड" हा शब्द आहे, पण गाडीला नेमकं काय झालंय हे कुठेच नाही. ती अपघाताच्या दिवशी चालू होती. म्हणजे इंजिन बिघडून थांबलेलं नाही, माणूस पडला म्हणून थांबलं. या दोन्हींत मोठा फरक आहे. तेरा पावसाळे उभं राहून इंजिनाचं जे होतं ते होतंच: पेट्रोल सुकून कार्बोरेटरच्या जेटमध्ये चिकट थर बसतो, टाकीला आतून गंज चढतो, पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला धरून बसतात, क्रँकचे (पिस्टनची वरखाली चाल गोल फिरवणाऱ्या दांड्याचे) ऑइल सील, म्हणजे गळती अडवणाऱ्या रबरी कड्या, कडक होतात. पण झीज उभ्या गाडीची होत नाही. तेव्हा डॉक्टर जसा आधी नाडी बघतो तसं करा. आबांनाही ते पटेल, त्यांनी जन्मभर तेच केलं.

नाडी बघायची ती अशी. प्लग काढा. प्लगच्या भोकातून चारपाच चमचे पातळ तेल सोडा, इंजिन ऑइलमध्ये थोडं डिझेल घातलं तरी चालेल. प्लग हाताने परत बसवा आणि गाडीला चार दिवस विसरा. पुढच्या खेपेला गाडी मधल्या स्टँडवर घ्या, प्लग काढा, चौथा गिअर टाका आणि मागचं चाक हाताने पुढेमागे हलवा. हळू. झुलवायचं, ढकलायचं नाही. हललं तर अर्धी चिंता गेली. नाही हललं तर पुन्हा तेल, पुन्हा चार दिवस. किक मारून जाम इंजिन सोडवायचा मोह प्रत्येकाला होतो. येझदीत तर किक आणि गिअरचा दांडा एकच, आत दाबून फिरवला की त्याची किक होते. त्यावर शरीराचं सगळं वजन टाकलंत, तर इंजिन सुटेल न सुटेल, किकचे दाते मात्र जातील.

चाक फिरलं की हेड उतरवा. नट इंजिन थंड असताना, समोरासमोरचे, थोडे थोडे सैल करत. हेड निघालं की सिलिंडरची भिंत दिसते. तिथे बोट फिरवून बघा. नखाला अडकेल असा चरा नसेल, गंजाचा खड्डा नसेल, तर कदाचित सिलिंडर उतरवून रिंगा सोडवणं, काजळी काढणं आणि नव्या रिंगा एवढ्यावर भागेल. सिलिंडर उतरवल्यावर पिस्टनला क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड सरळ धरून वरखाली ओढून बघा. थोडी बाजूबाजूची हालचाल असते, ती असायलाच हवी. वरखाली 'टक्' असं जाणवलं, तर रॉडच्या मोठ्या, क्रँककडच्या टोकाचं बेअरिंग गेलं. त्या 'टक्'वरच ठरतं, काम 'हाफ इंजिन'चं (वरचं, सिलिंडर-पिस्टनपुरतं) आहे की 'फुल इंजिन'चं (क्रँकसकट). मिस्त्रींना हे दोन शब्द विचारा, ते लगेच तुमच्याशी वेगळ्या सुरात बोलू लागतील.

तुमच्या मित्राचं "सगळं नवीन टाक" हे मला अजिबात पटत नाही. येझदी बनवणारा मैसूरचा कारखाना १९९६ साली बंद पडला. आज बाजारात येझदीचा म्हणून जो माल मिळतो, त्यात जुन्या साठ्यातला अस्सल माल थोडा आणि कुणीकुणी नंतर बनवलेला जास्त. वर्षानुवर्षं चाललेला मूळ गिअर काढून नवा बसवायचा आणि नवा दोन वर्षांत दात टाकतो, हे मी अनेकदा पाहिलंय. झिजलेलं बदला, जुनं म्हणून बदलू नका. (आणि हो, २०२२ मध्ये येझदी नावाने ज्या नव्या गाड्या आल्या, त्यांचे पार्ट चालतील का असं तुम्ही विचारलंय. त्यांचं इंजिन फोर-स्ट्रोक, पाण्याने थंड होणारं. टाकीवरच्या नावापलीकडे काही जुळत नाही.)

एका गोष्टीत मात्र कंजूषी नको: ऑइल सील. तुमच्या येझदीसारख्या टू-स्ट्रोक इंजिनात क्रँककेस, म्हणजे क्रँक ज्यात फिरतो तो भाग, निव्वळ पेटी नाही, तो पंप आहे. पिस्टन वर जाताना कार्बोरेटरमधून पेट्रोल-हवेचं मिश्रण आत ओढलं जातं आणि खाली येताना ते दाबून वर ढकललं जातं. सील कडक होऊन फट पडली की तिथून नुसती हवा आत येते, मिश्रण पातळ होतं, इंजिन तापतं आणि पिस्टन धरतो. क्लचच्या बाजूचं सील गेलं तर गिअरचं तेल आत ओढलं जाऊन मागे पांढऱ्या धुराचा लोट निघतो. म्हणजे गाडी अंगणात पहिल्या किकला सुरू होईल, सगळे टाळ्या वाजवतील आणि आठवड्यात चढावर जाम होईल. सुरू होणारं इंजिन आणि चालणारं इंजिन यांत हा फरक आहे. व्हिडिओ बहुतेक पहिल्या किकलाच संपतात.

आता तुमच्या बोटांविषयी. मिस्त्रींचं बोलणं तुम्हाला लागलेलं दिसतं. मी त्यांच्या बाजूचाही आहे आणि तुमच्याही. माझं पहिलं इंजिन मामांच्या राजदूत मोटरसायकलचं. मी एकोणीस वर्षांचा, आयटीआयचं पहिलं वर्ष आणि अंगात मस्ती. सगळं नीट उघडलं, रॉकेलने धुतलं, नव्या रिंगा घातल्या आणि पिस्टन उलटा बसवला. टू-स्ट्रोकच्या पिस्टनमध्ये रिंगेच्या खाचेत बारीक खुंटी असते, रिंगेची टोकं तिथेच राहावीत म्हणून. पिस्टन उलटा झाला की ती टोकं नेमकी पोर्टच्या (सिलिंडरच्या भिंतीतल्या, मिश्रण आणि धूर ये-जा करण्याच्या भोकाच्या) तोंडाशी येतात. डोक्यावर बाण कोरलेला होता, तो सायलेन्सरच्या बाजूला हवा. मी तो पाहिला आणि मला वाटलं, कंपनीची खूण असेल. तिसऱ्या किकला इंजिन लागलं, चौथ्या सेकंदाला खडाक. रिंग तुटली आणि सिलिंडरला वरपासून खालपर्यंत ओरखडा. मामा काही बोलले नाहीत. दोन महिने सायकलवर दूध घालत होते.

तेव्हा बोटं चुकतात. पण ती चूक बोटांची नव्हतीच, न विचारण्याची होती. मामा ओट्यावर बसलेले होते आणि त्यांनी त्याच इंजिनाच्या रिंगा दोनदा बदललेल्या होत्या.

काय स्वतः करावं आणि काय करू नये, याची माझी वाटणी अशी. उघडणं, धुणं, काजळी खरवडणं, कार्बोरेटर साफ करणं, ठिणगीची वेळ साधणारे पॉइंट घासून त्यांची फट ०.४ मिलिमीटरला लावणं, क्लचच्या चिकटलेल्या प्लेटा सोडवणं, वायरिंग तपासणं, हे तुमचं. यात चुकलं तरी पुन्हा करता येतं. ब्रेकची जुनी धूळ फुंकू नका, ओल्या फडक्याने पुसा. त्या काळच्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं.

बोअरिंग, म्हणजे सिलिंडर आतून कातून मोठा करणं, लेथवाल्या टर्नरचं. तुम्ही भाग्यवान, तुमच्या जिल्ह्यात लेथ-कारखान्यांचं शिवाजी उद्यमनगर आहे. तिथे सिलिंडर घेऊन जा, पण रिकाम्या हाताने जाऊ नका, आधी पिस्टन घ्या. पहिलटकर हमखास हीच चूक करतात: आधी पाव मिलिमीटर बोअर करून आणतात आणि मग त्या मापाचा पिस्टन शोधत फिरतात. मूळ बोअर ६५ मिलिमीटरचा आहे. आबांनी कधी बोअर केलेलं असेल, तर त्यावर चढे माप असेल, ते पिस्टनच्या डोक्यावर बहुधा कोरलेलं दिसेल. पिस्टन टर्नरच्या हातात द्या आणि त्या पिस्टनला बसेल असा बोअर करा म्हणून सांगा. वर, मध्ये, खाली अशा तीन ठिकाणी आणि दोन्ही दिशांना मापं घ्यायला लावा आणि ती कागदावर मागा. बोअर झाल्यावर पोर्टच्या कडा किंचित मारून घ्यायलाही सांगा. धारदार राहिल्या तर रिंगा तिथे अडकतात, आणि फोर-स्ट्रोकच्या कामाची सवय झालेला टर्नर हे विसरू शकतो. मग घरी येऊन प्रत्येक रिंग नुसती सिलिंडरमध्ये सरळ बसवून टोकांमधली फट फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) मोजा. ०.२ ते ०.३ मिलिमीटरच्या आसपास असावी. आणि पावसाळ्याचे दिवस आहेत: ताजा बोअर केलेला सिलिंडर एका रात्रीत तांबूस होतो. तेल चोपडून, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून आणा.

क्रँकला हात लावू नका. कनेक्टिंग रॉडमध्ये 'टक्' निघालीच, तर ते काम मिस्त्रींचं आणि प्रेसवाल्याचं. क्रँकचे दोन्ही भाग पिनवर दाबून बसवलेले असतात. ते वेगळे करून परत बसवताना शंभरावा भाग मिलिमीटरचा हिशेब असतो आणि तो डायल गेजवर बघावा लागतो. घरी हातोडीने हे करणारे लोक मी पाहिलेत. त्यांच्या गाड्या चालतात, हँडल धरलं की दातही वाजतात. क्रँककेस उघडावी लागली, तर मिस्त्रींच्या शेजारी बसून बघा. क्रँककेसच्या दोन अर्ध्या भागांमध्ये पेचकस घालून उचकटू लागले, तर नम्रपणे थांबवा. पुलर लावायचा, केस तापवायची, बेअरिंग आपसूक सुटतं. ॲल्युमिनियमच्या त्या कडेवर एक ओरखडा म्हणजे कायमची गळती. आणि केसच बदलू, असं कुणी म्हटलं तर ठाम नाही म्हणा. तिच्यावर इंजिन नंबर आहे. तो आरसी बुकाशी जुळला नाही, तर पुढची सगळी कटकट तुमची.

बारीकसारीक सवयी सांगतो आणि पुढे जातो. दर पायरीला फोटो, पण फोटोत पान्याची दिशाही दिसू द्या. दिवाळीचे मिठाईचे रिकामे डबे जमवा. एका डब्यात एका बाजूचे नटबोल्ट, वर चिकटपट्टीवर पेनने नाव. सर्किप (पिस्टनची पिन अडवणारी स्प्रिंगची बारीक कडी) काढताना क्रँककेसच्या तोंडात आधी स्वच्छ फडकं कोंबा, कारण ती उडते आणि उडून नेमकी तिथेच जाते. जुनी सर्किप परत घालू नका. काही नटांचे आटे उलटे असतात. सुटत नसेल तर पाइप लावून जोर करण्याआधी मॅन्युअल उघडा. वहिनींच्या स्वयंपाकघरातली परात धुण्यासाठी नेऊ नका. त्या "मिस्त्रींकडे द्या" का म्हणतात, हे तुम्ही पत्रात लिहिलं नाहीत, पण महिन्यातले दोन शनिवार-रविवार तुम्ही गावाला आणि मुलं त्यांच्याकडे, असं गणित दिसतंय. ते गणित त्यांच्यासोबत बसून करा. मुलांना कधी बरोबर नेलंत, तर अर्धं सुटेल.

मिस्त्रींकडे पुन्हा जा, पण काम घेऊन नको, शिकाऊ उमेदवार म्हणून जा. "चार रविवार तुमच्या हाताखाली बसतो, माझ्या गाडीचं नंतर बघू," म्हणा. चाळीस वर्षं ज्याने येझदी ऐकलीय, तो माणूस पॉइंटची फट आवाजावरून सांगतो. हे कुठल्या मॅन्युअलमध्ये नाही. दिवसाची मजुरी विचारून ती द्या. शिकायला आलोय म्हणून फुकट काम करून घेणं हा सुशिक्षितांचा जुना दोष आहे. सुट्या भागांसाठी पुण्यात नाना पेठ पालथी घाला, बुधवार-रविवारचा जुना बाजारही. आणि जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदीवाले गावोगावी आपापल्या गाड्या घेऊन जमतात. पुण्यातही जमतात. तिथे एका फेरीत तुम्हाला कळेल, कुणाचा पिस्टन टिकला आणि कुणाचा नाही. दुकानदार हे सांगणार नाही.

इथवरचं सगळं मला पाच महिन्यांत बसत नाही. महिन्यातले दोन शनिवार-रविवार म्हणजे पाच महिन्यांत वीस दिवस. त्यात पाऊस, गणपती, दिवाळी. पिस्टन मिळायलाच महिना जाऊ शकतो, टर्नर "पुढच्या आठवड्यात" म्हणतो तेव्हा तो कुठल्या आठवड्याविषयी बोलतोय हे त्यालाही माहीत नसतं. तारीख डोक्यावर घेतली की माणूस सील न बदलता केस बंद करतो. पहिलं इंजिन मुहूर्तावर करू नये.

आणि ही तारीख कुणी घातलीय? आबांनी नाही. तुम्हीच. चकित करायचं म्हणून.

आता ती किल्ली.

तुमचं पत्र मी तिसऱ्यांदा वाचलं तेव्हा मला जे दिसलं ते सांगतो, चुकत असेन तर सोडून द्या. तेरा वर्षांपूर्वी तुम्ही पंचविशीत होतात. वडील दवाखान्यात, आई रडतेय, आणि तुम्ही एक निर्णय घेतलात. बरोबरच घेतलात, खुब्याच्या ऑपरेशननंतर गाडी कुणी देईल? पण तो निर्णय त्यांच्याशी न बोलता झाला आणि त्यानंतरही त्यावर कधी बोलणं झालं नाही. साठीतला माणूस, ज्याची पंचक्रोशीत ओळखच गाडीच्या आवाजावरून होती ("डुगडुग आली की गाई कान टवकारायच्या," असं तुम्हीच लिहिलंय), त्याची किल्ली त्याच्या मुलाने खिशात घातली. तुम्ही पाच महिने ग्रीसमध्ये हात घालायला तयार आहात, पण एक वाक्य बोलायला तयार नाही, असं मला वाटतं. आणि गुपचूप करायचं ठरवल्यामुळे ते वाक्य बोलावंच लागत नाही.

शिवाय समजा सगळं जमलं. मार्गशीर्षातली सकाळ, अंगण भरलेलं, गाडी एका किकला लागली. आबा काठी टेकत आले. मग? किल्ली त्यांच्या हातात देणार का? दिलीत आणि ते बसले तर? न देता स्वतःच एक चक्कर मारून आणलीत, तर त्या दिवशी सगळ्या गावासमोर त्यांना पुन्हा तेच दिसेल: गाडी आपली, किल्ली मुलाकडे. मी हे तुम्हाला घाबरवायला लिहीत नाही. मला याचं एक उत्तर माहीत नाही, कारण ते आबांच्या खुब्यावर, डोळ्यांवर आणि स्वभावावर आहे. पण त्या सकाळी अंगणात ते शोधू नका.

"भंगारवाल्याला देऊन टाका" या वाक्याचा अर्थ तुम्ही "आबांना दुखावलंय" असा लावलात. असेलही. पण त्याचा सरळ अर्थही असू शकतो: नको ती आता. काहींना जुनी गाडी म्हणजे तरुणपण वाटतं, काहींना तो ओला रस्ता. तुम्ही त्यांना विचारलेलं नाही, तोवर ही भेट त्यांच्यासाठी आहे की तुमच्यासाठी, हे ठरत नाही. तुमच्यासाठी असेल तरी काही बिघडत नाही. वडिलांची गाडी स्वतःच्या हाताने चालती करावी, ही इच्छा पुरेशी आहे, तिला वाढदिवसाचं निमित्त लागत नाही. फक्त मग ती तशीच सांगा.

कसं सांगायचं? समोर बसून "आबा, मला तुमच्याशी बोलायचंय" म्हणू नका. आपल्याकडचे वडील या वाक्याला घाबरतात, त्यांना वाटतं जमिनीची वाटणी निघाली. गाडीपाशी बोलावं. "प्लग निघत नाही, जरा बघता का?" एवढं पुरतं. खोपटात खुर्ची टाका. हातात पाना असला की माणूस नजर न भिडवता बोलू शकतो आणि कठीण बोलणी तशीच होतात. किल्लीचं वाक्यही तिथेच निघेल, आज नाही तर तिसऱ्या खेपेला. "तेव्हा तुम्हाला न विचारता घेतली होती," एवढंच. समर्थन जोडू नका.

ते "कशाला उकरताय, राहू दे" म्हणाले, तर? तर तेलाचे चार चमचे प्लगच्या भोकात घाला, गाडी झाकून ठेवा आणि काही महिने थांबा. तेवढ्याने गाडी आणखी बिघडत नाही. पुन्हा विचारा. दुसऱ्यांदाही नको म्हणाले, तर "मला हवीय, मी करू का?" असं विचारा. हा वेगळा प्रश्न आहे आणि याला बहुतेक बाप हो म्हणतात.

गुपचूप जमणार नाही याचं आणखी एक साधं कारण आहे, आणि इतर वाचकांसाठीही ते सांगायला हवं: कागद. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, नंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. तुमची कधीच संपली असणार. गाडी आबांच्या नावावर आहे, म्हणजे अर्जावर सही त्यांची. आरटीओत गाडी दाखवावी लागेल, पर्यावरण कर भरावा लागेल, विमा नव्याने काढावा लागेल. या सगळ्याआधी रस्त्यावर चाचणीची फेरीसुद्धा मारू नका. "विंटेज म्हणून सूट मिळेल" असं तुम्ही लिहिलंय. ती समजूत सोडा. २०२१ च्या नियमांप्रमाणे विंटेज म्हणजे पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात जपलेली गाडी. तुमची तिथे २०२९ नंतर पोचेल. आणि त्या नोंदणीची गाडी रोजच्या वापरासाठी नसतेच, प्रदर्शन, रॅली अशा ठरावीक कारणांसाठी असते. बाजाराला जायला गाडी हवी असेल, तर साधं नूतनीकरणच बरं. इंजिनावर पैसे घालण्याआधी आरसी बुक शोधा. ते हरवलं असेल, तर आधी ते काम. कागदाविना उत्तम चालणाऱ्या येझद्या मी खोपटातच बघितल्यात.

पेट्रोलविषयी एवढंच: आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि तुमचं इंजिन त्याच्या कितीतरी आधीचं आहे. इथेनॉल पाणी धरतं आणि जुनं रबर खातं. पेट्रोलची नळी, कार्बोरेटरमधली पॅकिंग नव्या पद्धतीची घाला, टाकीतला गंज आधी काढा आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कार्बोरेटर रिकामा करून ठेवा. सुरुवातीला लिटरला ४० मिली टू-टी (टू-स्ट्रोकसाठीचं) तेल घाला. धूर होईल, होऊ द्या. पहिले काहीशे किलोमीटर घाटात नेऊ नका, एकाच वेगाने दामटू नका, मध्येमध्ये थंड होऊ द्या.

येत्या शनिवारी गावाला जाल तेव्हा पुण्याहून घेतलेला तो पान्यांचा नवा संच बाहेर काढू नका. येझदीबरोबर पूर्वी हत्यारांची एक पिशवी यायची, तिच्यात प्लगचा पाना असायचा. आबांसारख्या माणसाने ती टाकली असेल, असं मला वाटत नाही. ती कुठे ठेवलीय, हे घरात फक्त त्यांनाच माहीत असणार. त्यांना विचारा.